साडेबहात्तर

इंजिनाच्या सिलिंडरच्या तोंडाशी, आतल्या अंगाला, सहा मिलीमीटर रुंदीचा एक गुळगुळीत पट्टा होता. बोट फिरवलं तर काही जाणवत नसे. नख उभं धरून खालून वर ओढलं, की पट्ट्याच्या कडेशी ते अडकायचं. पिस्टनच्या रिंगा वरखाली होतात त्या या कडेपर्यंतच. पलीकडच्या सहा मिलीमीटरला त्यांचा स्पर्शही होत नाही, म्हणून तेवढा भाग झिजत नाही. नख अडकतं ती पायरी म्हणजे झीज. तीन सिलिंडरांपैकी दोनांत ही पायरी शोधावी लागत होती. तिसऱ्यात ती स्वतःहून भेटायला येत होती.

धाकट्या सुनेनं हे पहिल्याच आठवड्यात, चहाचे कप उचलता उचलता पाहून घेतलं. तिनं नख लावलं म्हणून तिला कळलं. घरातल्या बाकीच्यांनी मतं लावली होती.

मोटार जुनी होती. सासऱ्यांनी उमेदीच्या वयात घेतलेली, बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची. अकरा आठवड्यांपूर्वी ती खाडीच्या मध्यावर धापा टाकत बंद पडली. तेव्हापासून तिचा ब्लॉक, म्हणजे तिन्ही सिलिंडरांचा ठोकळा, बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर, तिन्ही तोंडं वर करून, जुन्या चादरीवर बसला होता. त्याला टेबल मिळालं आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जेवू लागली. संध्याकाळी लोक त्याला बघायला येत, आजाऱ्याला बघायला यावं तसे. चादरीचा पदर बाजूला करायचे, जिभेनं च्यक् च्यक् करायचे, चहा घ्यायचे आणि औषध सांगून जायचे. ज्यांनी जन्मात सायकलची चेन बसवली नव्हती, त्यांनाही या मोटारीला नेमकं काय झालंय हे ठाऊक होतं.

यातलं पहिलं मत थोरल्या दिराचं. घरात सगळेच त्याला दादा म्हणत. दादाकडे व्हर्नियर होता. निळ्या मखमलीच्या पेटीत तो ठेवलेला असे आणि पेटी उघडताना दादा आधी हात पुसत असे. ते हात पुसणं बघूनच समोरचा निम्मा गार होई. त्यानं व्हर्नियरचे जबडे एकेका सिलिंडरात घातले, डोळा बारीक केला आणि जाहीर केलं, "साडेबहात्तर मिलीमीटर. तिन्ही साडेबहात्तर. मागं बोरिंग करून भोकं मोठी केली तेव्हा जेवढं होतं तेवढंच. झीज शून्य! नुसत्या रिंगा बदला."

व्हर्नियरचे जबडे सरळ असतात. ते आत कितीही खुपसले तरी भोकाच्या सगळ्यात अरुंद जागी जाऊन टेकतात, म्हणजे तोंडाजवळच्या त्या न झिजलेल्या पट्ट्यावर. दादानं अकरा आठवडे मोठ्या अभिमानानं एकाच गोष्टीचं माप घेतलं होतं: जिथं काहीच घडलं नव्हतं त्या जागेचं. धाकटीला वाटे, हा माणूस ताप बघायचा झाला तर थर्मामीटर उशीला लावील आणि रोगी ठणठणीत आहे म्हणून सांगेल.

दुसरं मत शेजारच्या कॅप्टनचं. त्याच्याकडे टोपी होती, म्हणून तो कॅप्टन. त्याचं जहाज कुणी पाहिलं नव्हतं. "तिन्ही सिलिंडर मोठे करा," तो म्हणायचा. "इंजिन म्हणजे काय? एकसारखेपणा!" असं म्हणून तो बिस्किट चहात बुडवायचा आणि ते तुटून आत पडायचं. तिसरं मत धाकटीच्या नवऱ्याचं. तो दूरच्या शहरात नोकरीला होता आणि फोनवर शेवटी जो बोलेल त्याचं मत त्याला पटायचं.

आणि या सगळ्यावर सासऱ्यांचा निकाल. निकाल म्हणजे एकच शब्द. सगळ्यांचं बोलून झालं की सासरे खुर्चीत मागे टेकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "बघू."

त्यांनी बघू म्हटलं की सभा संपायची. मोटार त्यांची होती, त्यामुळे त्यांनी बोलल्याखेरीज स्क्रू हलायचा नाही, हा घरातला नियम. ते बोलायचे नाहीत, ही त्यांची सवय. या दोहोंच्या मध्ये मोटार अडकली होती. दुसऱ्या दिवशी तेच लोक, तेच कप, तेच साडेबहात्तर.

या सभेत एक माणूस कधीच नसे, ती थोरली सून. सभा भरायची तेव्हा ती परत येत असायची.

खाडीच्या पलीकडच्या टोकाला घरचे शिंपल्यांचे तराफे होते. पाण्यात सोडलेल्या दोरांना शिंपले धरतात. ते दोर रोज बघावे लागतात, उचलावे लागतात, साफ करावे लागतात. मोटार होती तेव्हा तिथं जायला बारा मिनिटं लागत. आता थोरली वल्ही मारत जायची. जाताना पन्नास मिनिटं, येताना ओहोटी अंगावर असली तर सव्वा तास. दादाची कंबर धरलेली होती. ती मोटार चालू असतानाही धरलेलीच असायची, पण आता जास्त मनापासून धरली होती.

थोरलीच्या उजव्या मनगटावर अंड्याएवढी सूज आली होती. ती कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायची, कारण कान धरला तर कप निसटायचा. डब्याचं झाकण उघडायला ती धाकटीकडे द्यायची, न बोलता, जसं काही ते तिचं कामच होतं. गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी तिची बोटं एकेक करून दाबली आणि धाकटीकडे बघून सांगितलं, "नस दबतेय. वल्ही बंद करा. अजून महिनाभर हे असंच चाललं तर बोटांत ताकद परत येईल याची मी हमी देत नाही."

घरी येऊन धाकटीनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. दादा म्हणाला, "म्हणूनच तर म्हणतो, रिंगा बदला." कॅप्टन म्हणाला, "तिन्ही मोठे करा." सासरे म्हणाले, "बघू."

धाकटी पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती. पदार्थविज्ञान शिकलेली, मोजमापाच्या खोलीत नऊ वर्षं काढलेली. त्या खोलीत तापमान वीस अंशांवर धरलेलं असे आणि कुणी दार उघडं टाकलं तर ती नुसती बघायची. एवढ्यानं काम व्हायचं. तिथं मत विचारत नसत. भोक अमुक इतकं आहे की नाही, एवढंच. ती बसनं घरी यायची आणि बाहेरच्या खोलीत पाय ठेवला की साडेबहात्तर ऐकायला मिळायचं. तिला हसूही यायचं नाही. ओठांचा एक कोपरा आत ओढला जायचा, इतकंच. हा कोपरा घरात फक्त थोरलीला वाचता यायचा.

तेरा दिवसांपूर्वी, एका रविवारी, घरची माणसं कुणाच्या तरी लग्नाला गेली. थोरली तराफ्यांवर होती. धाकटीनं डोकं दुखण्याचं कारण सांगून मागे राहून घेतलं. आदल्या दिवशी कारखान्यातून सही करून आणलेलं बोअर गेज तिनं पिशवीतून काढलं. लांब दांडीचं, वर घड्याळासारखी तबकडी असलेलं, भोकाच्या पार तळापर्यंत जाणारं. चादर काढली, तिन्ही सिलिंडर पुसले, तासभर पंखा बंद ठेवला आणि मोजायला बसली. प्रत्येक सिलिंडरात वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. अठरा मापं. मग सगळी दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, कारण दुसऱ्यांदा एक आकडा एका शतांशानं वेगळा आला होता.

वरचा आणि मधला सिलिंडर चार-पाच शतांश मिलीमीटर झिजला होता. म्हणजे काहीच नाही. मोटार बोटीला लावल्यावर सगळ्यात खाली येतो तो तिसरा सिलिंडर मात्र तेवीस शतांश झिजलेला आणि शिवाय अंडाकृती. त्याच्या भिंतीवर, धूर बाहेर जायच्या खिडकीच्या बाजूला, बारीक खड्डे होते, गंजाचे. टॉर्च तिरपी धरून बघितलं तेव्हा ते देवीच्या व्रणांसारखे दिसले.

हे तिनं वहीत लिहिलं. तारीख घातली. खोलीचं तापमान लिहिलं. वही पर्समध्ये ठेवली आणि चादर पूर्वीसारखी, त्याच सुरकुत्यांसकट, पांघरून ठेवली.

त्यानंतर ती गप्प बसली. कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी अकरा आठवड्यांत एकदाही, "तू हेच काम करतेस ना गं?" असं म्हटलं नव्हतं, त्यांच्यापुढे आपण होऊन वही उघडायची, हे तिला जमण्यातलं नव्हतं. शिवाय खड्डे कुठून आले हेही तिला कळत होतं. खाऱ्या पाण्यातून मोटार आणली की तिच्यातून गोडं पाणी फिरवून घ्यावं लागतं. मागच्या वर्षी सासरे पाच आठवडे दवाखान्यात होते तेव्हा मोटार दादाच्या हाती होती. वही उघडली की कुणीतरी हिशेब जुळवणारच. ते कुणीतरी आपण कशाला व्हायचं? आकडे खरे आहेत. खऱ्याला घाई नसते, असं ती मनाशी म्हणे, आणि सभेत कप गोळा करताना साडेबहात्तर ऐकलं की तिच्या ओठाचा कोपरा आणखी आत जाई. तिला त्यात थोडी मजा येऊ लागली होती, हे तिनं स्वतःशी कबूल केलं नसतं.

मग शुक्रवारी निरोप आला. गल्लीच्या टोकाला, धक्क्याजवळ, बोरिंगचं एकच दुकान उरलं होतं. तिथला मिस्त्री दुकान बंद करत होता. सोमवारी त्याचं बोरिंग मशीन ट्रकवर चढणार होतं. आसपास कुठंही दुसरं मशीन नव्हतं. जुनी इंजिनं आता कुणी बोअर करत नसे, नवी आणत. निरोप सरळ होता: तुमचा ब्लॉक करायचा असेल तर शनिवारी सकाळी आणा, नाहीतर त्यात फुलझाडं लावा.

शनिवारी सकाळी अख्खी वरात निघाली. ब्लॉक हातगाडीवर, चादरीसकट, शेजारी पिशवीत जुने पिस्टन. पुढे सासरे. एका बाजूनं गाडी धरलेली धाकटी, दुसऱ्या बाजूनं थोरली, मनगटाला पट्टी बांधून. ती त्या दिवशी तराफ्यावर गेली नव्हती. "आज मी पण येणार," इतकंच म्हणाली होती. मागे दादा, बगलेत मखमली पेटी. सगळ्यांच्या मागे कॅप्टन, "डावीकडे घ्या, डावीकडे! दगड आहे!" असं म्हणत. दगड उजवीकडे होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर एकच खिडकी, तिच्या काचेवर तेलाचा थर, त्यामुळे आत येणारा उजेड चहासारखा. मधोमध माणसापेक्षा उंच मशीन. शेल्फांवरचं सामान खोक्यांत भरलं गेलं होतं आणि भिंतीवर सामानाच्या जागी स्वच्छ चौकोन राहिले होते. एका फळ्यावर खडूनं कामांची यादी होती, सगळी खोडलेली. मिस्त्री काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं ब्लॉक बाकावर चढवला, चादर ओढून काढली आणि घडी न घालता कोपऱ्यात टाकली.

"हं. काय करायचं?"

"नुसत्या रिंगा," दादा म्हणाला. पेटी उघडली. हात पुसले. "माप साडेबहात्तर आहे. तिन्हींचं. मी स्वतः घेतलंय."

मिस्त्री ब्लॉकवर वाकला. त्यानं तर्जनीचं नख पहिल्या सिलिंडरात फिरवलं, मग दुसऱ्या. तिसऱ्यात नख थटलं. त्यानं ते पुन्हा एकदा थटवलं, आवाज ऐकू येईल असं.

"हे माप कुठं घेतलंत?"

"म्हणजे काय, आत. जेवढे जबडे जातात तेवढे घालून."

"कपाचा काठ चाटून चहा गोड आहे की नाही ते सांगता होय तुम्ही?" मिस्त्री म्हणाला. "ठेवा ती पेटी. छान आहे. मखमल चांगली आहे."

कॅप्टन मोठ्यानं हसला आणि मग, आपणही अकरा आठवडे तिथंच बसलो होतो हे आठवून, खोकला.

"माझं आतलं गेज गेल्या आठवड्यात गेलं," मिस्त्री म्हणाला. "विकलं. आता नखावर किती घ्यायचं ते मी ठरवणार नाही. कुणी नीट मोजलंय का? कुणीच?"

धाकटीनं पर्स उघडली. वही काढायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जरा जास्तच लागला. तिनं पान उघडून वही मिस्त्रीपुढे बाकावर ठेवली.

मिस्त्रीनं चष्मा पुढे घेतला. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून. "तापमान लिहिलंय," तो पुटपुटला. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्याला कुणी तापमान लिहून आणलं होतं. "कुणी मोजलं हे?"

"मी."

"कधी?" हे दादानं विचारलं.

"पान बघा की. तारीख आहे."

तारीख मात्र थोरलीनं वाचली. ती बाकापाशी आली, वहीवर वाकली आणि डाव्या हाताचं बोट तारखेखाली धरून थोडा वेळ उभी राहिली. तिला मोजायला गेज लागत नव्हतं.

"तेरा दिवस," ती म्हणाली.

ती धाकटीकडे वळली.

"तेरा दिवस झाले गं याला. तेरा दिवस मी जाते नि येते, आणि हे तुझ्या पर्समध्ये?"

"वहिनी, कुणी विचारलं नाही मला."

"मला कुणी विचारलं होतं का, वल्हवशील का म्हणून?"

ती ओरडली नाही. तिनं पट्टी बांधलेला हात वहीवरून उचलून नुसता बाकाच्या कडेवर ठेवला. धाकटीचा ओठाचा कोपरा कधी नव्हे तो जागच्या जागी राहिला. दादाचा व्हर्नियर निदान चुकीचं का होईना, बोलत तरी होता. ती बरोबर असून मखमलीत बसली होती. अकरा आठवडे ती या लोकांना मनात ज्या ज्या नावांनी हाक मारत आली होती, त्यांतली दोन-चार आता तिला स्वतःलाच नेमकी बसत होती.

मिस्त्रीला घरगुती भानगडीत रस नव्हता. त्यानं टॉर्च पेटवली आणि खालच्या सिलिंडरात तिरपी धरली. "हे खड्डे बघा. खारं पाणी मुरलंय यात. पाणी अडवणारं झाकणाखालचं गास्केट गेलेलं, त्यातून शिरलं. आणि कुणी गोडं पाणी फिरवलेलं नाही. एक दिवस नाही, बरेच दिवस."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मी दवाखान्यात होतो तेव्हा..."

"अहो बाबा, मी सांगितलं होतं कुणाला तरी," दादा म्हणाला. तो छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं.

"कुणाला तरी म्हणजे मला," थोरली म्हणाली. "आणि मी नळी घेऊन गेले तर काय म्हणालात? 'राहू दे, तुला त्यातलं कळत नाही, बिघडवून ठेवशील.'"

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"तसंच म्हणालात. नळी अजून तिथंच आहे, गुंडाळलेली. बघून या."

यानंतर जे झालं त्याचं आश्चर्य धाकटीच्या मनातून पुढेही कधी ओसरलं नाही. अकरा आठवडे झीज शून्य म्हणणारा दादा एका क्षणात पलटला. "मग तिन्ही बोअर करा! एकदाच होऊन जाऊ दे. उगीच एकाला वेगळं काढायचं कशाला?" तिन्ही सिलिंडर मोठे केले की कुठला खराब होता हे कुणालाच दाखवता येणार नव्हतं. गुन्हा तिघांत वाटला जाणार होता. धाकटीला ते गणित इतकं स्वच्छ दिसलं की तिला क्षणभर दादाचं कौतुक वाटलं. या माणसाला मोजता येत नसेल, पण स्वतःपुरतं त्याला सगळं बरोबर जमत होतं.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय," कॅप्टन म्हणाला. "तिन्ही! एक पिस्टन जड, दोन हलके, म्हणजे मोटार लंगडणार. थरथरणार. बोट फुटेल."

"बोट फुटेल?" मिस्त्री म्हणाला.

"फुटू शकते."

मिस्त्रीनं खोक्यातून एक डबा काढला. त्यात मोठ्या मापाचे पिस्टन होते, कागदात गुंडाळलेले. "हे शेवटचं माप. त्र्याहत्तर. याच्या पुढचा पिस्टन कंपनीनं कधी काढलाच नाही. तीन आहेत माझ्याकडे. तिन्ही लावू शकतो. पण वरचे दोन सिलिंडर चांगले आहेत. त्यांना आज त्र्याहत्तर केलं तर पुढं जागाच राहत नाही. चांगल्या माणसाचा दात काढल्यासारखं आहे ते, शेजारच्याचा किडला म्हणून."

"आणि स्लीव्ह?" सासऱ्यांनी विचारलं. अकरा आठवड्यांत त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न. "आतून नवी नळी बसवतात ना?"

"बसवतात. पण या जातीच्या इंजिनाला भिंतीत खिडक्या असतात. नळी बसवून तिच्यात त्या खिडक्या जागेवर पाडाव्या लागतात. पूर्वी करायचो. आता माझा हात स्थिर नाही. खोटं कशाला सांगू?" त्यानं हात पुढे करून दाखवला. बोटांची टोकं जरा हलत होती.

"वजन करा," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"पिस्टनचं. जुना आणि नवा. काटा आहे ना?"

काटा अजून खोक्यात गेला नव्हता. मिस्त्रीनं खालच्या सिलिंडरातला जुना पिस्टन ठेवला, मग नवा. फरक पाच ग्रॅमचा आला. मिस्त्रीनं जुन्याच्या डोक्यावरची काजळी पत्र्यानं खरवडून काट्याच्या तबकात टाकली. ती दोन ग्रॅम भरली, म्हणजे एवढा फरक तर नुसत्या काजळीनंही पडत होता.

"पाच ग्रॅमनं बोट फुटते काय हो कॅप्टन?" थोरलीनं विचारलं. "मग तुम्ही टोपी काढूनच बसत जा."

कॅप्टननं टोपी काढली नाही, पण सरळ केली.

बाहेर धक्क्यावर कुणीतरी लोखंडी साखळी ओढत होतं. मिस्त्री फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि सासऱ्यांकडे वळला. "सोमवारी सकाळी आठला ट्रक येतोय. काम दीड दिवसाचं. आत्ता सुरू केलं तर होतंय. फळ्यावर काय लिहू?"

सासऱ्यांनी ब्लॉककडे बघितलं. दादाकडे बघितलं, कॅप्टनकडे बघितलं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. आपण एक बोललो की दुसरा दुखावला जाईल, या भीतीनं ते सत्तर वर्षांचे झाले होते, आणि त्या सगळ्या काळात कोण कोण दुखावलं गेलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा वर सरकला.

"बघू," ते म्हणाले. "दुपारपर्यंत जरा सगळ्यांचा विचार घेऊन..."

मिस्त्रीनं खडू खाली ठेवायला घेतला.

"थांबा हो," थोरली म्हणाली. आणि धाकटीकडे वळून, "बोल ना. तुझं माप ऐकलं सगळ्यांनी. आता तोंड उघड."

"वहिनी, मोटार बाबांची आहे."

"मनगट माझं आहे."

धाकटीनं घसा साफ केला. "मापांवरून साधारण असं दिसतं की, खालच्या सिलिंडरची झीज मर्यादेबाहेर असल्यामुळे, आणि वरच्या दोघांची तशी नसल्यामुळे, कदाचित..."

"साधारण असं दिसतं की," थोरली म्हणाली, "हे बाबांचं 'बघू'च झालं. तू शिकलीस म्हणून लांबलचक झालं. मला दिसतंय ते सांगू नकोस. करायचं काय ते सांग."

दादा म्हणाला, "अगं, तिला कशाला मध्ये..."

"तुम्ही गप्प बसा," थोरली त्याच्याकडे न बघता म्हणाली.

धाकटीनं वही हातात घेतली. कारखान्यात तिनं शेकडो नग नाकारले होते, एका सहीनं, मागं वळून न बघता. तिथं मात्र त्या नगांचा बाप समोर उभा नसे. तिनं सासऱ्यांकडे बघितलं. ते चष्मा कपाळावर ठेवून, तिला धूसर बघत, वाट पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी हे आपल्या हातातून काढून घ्यावं म्हणून थांबलेल्या माणसाचा तो चेहरा होता. आणि तो अकरा आठवडे तसाच असणार, आपण कपांकडे बघत होतो म्हणून तो दिसला नाही, एवढंच.

तिनं वही मिटली आणि मिस्त्रीकडे तोंड केलं.

"लिहा," ती म्हणाली. "खालचा एकच बोअर करायचा, त्र्याहत्तरला, पण आधी नवा पिस्टन मोजून त्याच्या अंगाप्रमाणे, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे नाही. खिडक्यांच्या धारदार कडा घासून बोथट करायच्या. वरच्या दोघांना नुसतं होनिंग, भिंत घासून साफ करण्यापुरतं, रिंगा नव्या. गास्केट जुनं परत बसवायचं नाही." खडू फळ्यावर कुरकुरत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली. "हे तुमचं झालं. आता आमचं. मोटार परत आली की ती वहिनींच्या ताब्यात. चालवणार त्या, धुणार त्या, आणि त्यांना विचारल्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. आणि ती परत येईपर्यंत वहिनी वल्ह्याला शिवणार नाहीत. एक दिवस दादा जातील, एक दिवस मी."